मार्क कुठपर्यंत नेतात? अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांचे प्रवेश समजून घेताना

आपल्याकडे ॲडमिशन म्हणजे यादी. सीईटी असो, जेईई असो, नीट असो, शेवटी एक आकडा हातात येतो, आकड्यांची उतरंड लागते आणि वरून खाली जागा भरत जातात. आपण कितवे हे कळतं, शेवटचा प्रवेश कितीवर थांबला हेही कळतं. थोडक्यात हुकलं तर मन मोडतं, पण का हुकलं हे विचारावं लागत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. ते यादी शोधत राहतात, आणि तिथे यादी लागतच नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात चार-पाच मुलं तिकडच्या अर्जांची कामं घेऊन माझ्याकडे येतात. मार्चअखेर निकाल येतात आणि मग एखादी आई स्टाफरूमच्या दाराशी उभी असते. "मॅडम, याला दहावीला ९७ टक्के, सॅटला १५४०. मग नाही का म्हणाले?" सॅट म्हणजे तिकडच्या प्रवेशासाठी दिली जाणारी सामायिक परीक्षा. त्या आईला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात न्यायालयाच्या एका निकालपत्रापासून करू. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर 'स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स' या संस्थेने २०१४ मध्ये खटला भरला. त्यामुळे एरवी कुलूपबंद राहणारी बरीच माहिती न्यायालयात उघडी झाली. २०१९ मध्ये पदवी घेणार असलेल्या तुकडीसाठी सुमारे ३५,००० अर्ज आले होते आणि जागा होत्या सुमारे १,६००. अर्जदारांपैकी सॅटच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवलेले सुमारे ३,४००. भाषेच्या भागात पैकीच्या पैकी सुमारे २,७००. आणि शाळेचा निकाल निर्दोष असलेले ८,००० च्या वर.

हा हिशोब कागदावर मांडून बघा. उद्या हार्वर्डने ठरवलं की फक्त शाळेचे मार्क बघायचे, तरी पैकीच्या पैकीवाल्या दर पाच जणांतल्या चौघांना नकारच जाईल. आणि पाचांतला एक कोण, हे ते मार्क सांगू शकणार नाहीत, कारण पाचही जणांचे मार्क सारखेच आहेत.

थोडा परिचयाचा दाखला द्यायचा तर आयआयटीत बारावीचे मार्क जे काम करतात, साधारण तेच काम तिकडे मार्क करतात. आयआयटीसाठी खुल्या गटात बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. तेवढं झालं की ७८ आणि ९८ मध्ये फरक उरत नाही, पुढचा क्रम जेईई ॲडव्हान्स्ड लावते. मार्क म्हणजे तिथे उंबरठा. अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांतही मार्क हा उंबरठाच आहे. मात्र तो कुठे आहे हे छापलेलं नसतं आणि पलीकडे क्रम लावणारी दुसरी परीक्षाही नसते. तिथून पुढे माणसं कागद वाचून, चर्चा करून, मत देऊन ठरवतात.

मार्क वाचण्याची त्यांची रीत

उंबरठा म्हटलं की मार्क फारसे महत्त्वाचे नाहीत असा अर्थ काही जण काढतात. तसं मुळीच नाही. अर्जातला सर्वांत जड कागद गुणपत्रिकाच असतो. मात्र आपल्याला वाटते ती गुणपत्रिका नव्हे. विद्यापीठं नववी ते बारावी अशी चार वर्षं मागतात. शिवाय नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि आपली बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. म्हणजे निर्णय होताना बारावीचा निकाल अस्तित्वातच नसतो. शाळा किंवा कॉलेज बारावीचे अंदाजित गुण कळवतं, खरे नंतर पाठवायचे. सगळा भार येतो नववी, दहावी आणि अकरावीवर.

महाराष्ट्रातल्या मुलांना हे फार महागात पडतं. आपल्याकडे दहावीला जिवाचं रान करायचं आणि अकरावी 'आपल्याच हातातली' म्हणून सोडून द्यायची, ही रीत पडून गेली आहे. त्यात इंटिग्रेटेडची पद्धत: नाव एका कॉलेजच्या पटावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. अकरावीची परीक्षा म्हणजे एक उपचार. मग बारावीच्या दिवाळीत मूल ठरवतं की अमेरिकेत अर्ज करायचा, आणि दहावीच्या ९७ शेजारी अकरावीचे ६१ टक्के बसलेले असतात. ते ६१ का, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. तिकडे कागद वाचणाऱ्याला फक्त घसरण दिसते. ज्यांच्या घरात हा विचार नुसता डोक्यात आहे, त्यांनी अकरावीची प्रत्येक परीक्षा खरी मानावी, एवढी माझी विनंती आहे.

दुसरी गोष्ट संदर्भाची. बारावीचे ८८ टक्के जास्त की कमी? राज्य मंडळात, सीबीएसईत आणि आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डात या प्रश्नाची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून विद्यापीठं शाळेकडून 'स्कूल प्रोफाइल' नावाचा एक-दोन पानी कागद मागतात: बोर्ड कोणतं, वर्गात किती मुलं, मार्क साधारण कसे पडतात, कठीण म्हणावेत असे कोणते विषय शाळा शिकवते. मुलाने काय मिळवलं हे त्याच्या शाळेत काय मिळणं शक्य होतं याच्या शेजारी ठेवून वाचलं जातं. शाळेत संगणकशास्त्र शिकवतच नसतील तर ते न घेतल्याबद्दल कोणी दोष देत नाही. शिकवत असूनही सोपा विषय निवडला असेल तर ते नजरेत भरतं.

मोठ्या शहरांतल्या आंतरराष्ट्रीय शाळा हा कागद चकचकीत छापून ठेवतात. आमच्यासारख्या कॉलेजांत तो काय असतो हेच माहीत नसतं. मी दोन वर्षं मागे लागून आमच्याकडे तो तयार करवून घेतला. एका संध्याकाळचं काम होतं. प्राचार्यांनी आणि शिक्षकांनी हे वाचलं तर त्यांनी ती एक संध्याकाळ जरूर काढावी. मुलाला हा कागद स्वतः लिहिता येत नाही.

आणि हो, टक्क्यांचं जीपीएत, म्हणजे तिकडच्या चारपैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरीत, रूपांतर करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. अर्जात टक्के आहेत तसे लिहिता येतात.

सॅटचं काय झालं

सॅट ही परीक्षा १९२६ च्या जूनमध्ये पहिल्यांदा झाली. आज ती १,६०० गुणांची आहे. कोविडच्या काळात परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा बहुतेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली. पुढे एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली आणि कारणही मोकळेपणाने सांगितलं: गणिताची तयारी जोखायला ती लागते, आणि ज्या शाळांत वरच्या दर्जाचे विषय मिळत नाहीत तिथली हुशार मुलं तिच्यामुळे दिसतात. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकनेही परीक्षेची अट परत आणली. डार्टमथच्या प्राध्यापकांना अभ्यासात असं आढळलं होतं की परीक्षा ऐच्छिक असताना गरीब घरांतली मुलं 'आपले गुण कमी आहेत' म्हणून ते लपवत होती, प्रत्यक्षात ते गुण त्यांना उपयोगी पडले असते. कॅलिफोर्निया विद्यापीठ उलट दिशेला गेलं. बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे त्यांच्या सगळ्या शाखांत प्रवेश ठरवताना सॅटकडे बघतच नाहीत.

माझं मत विचाराल तर लातूर, जळगाव किंवा चिपळूणच्या मुलाने सॅट द्यावी. ज्या कॉलेजचं नाव तिकडे कोणी ऐकलेलं नाही, तिथल्या ८८ टक्क्यांना सॅटचा आकडा साक्षीदार म्हणून उभा राहतो.

उंबरठ्याच्या आत

हार्वर्डच्या खटल्यात हेही कळलं की प्रत्येक अर्जाला वेगवेगळ्या बाबींत अंक दिले जातात: अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ, व्यक्तिमत्त्व, शिवाय शिक्षकांची पत्रं. १ म्हणजे उत्तम आणि ६ कडे जाताना कमी. एका भूभागाचे अर्ज आधी एक अधिकारी वाचतो, मग उपसमितीत चर्चा होते आणि शेवटी चाळीसेक जणांची समिती मतदान करते. या अंकांची बेरीज करून कोणी यादी लावत नाही. तुकडी उभी करणं हे त्यांचं काम असतं: वाद्यवृंदाला ओबो वाजवणारा हवा, अभिजात भाषांच्या विभागाला विद्यार्थी हवेत, सगळेच संगणकशास्त्राचे नकोत. यंदा नाकारलेला अर्ज गेल्या वर्षी किंवा पुढल्या वर्षी कदाचित घेतला गेला असता. म्हणून नकाराच्या पत्रावरून मुलाची लायकी मोजू नये, हे मी दर एप्रिलमध्ये सांगते.

अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जाची ही मर्यादा आहे; शेकडो विद्यापीठं हाच अर्ज स्वीकारतात. दहा जागा दिसल्या की पालक दहा प्रमाणपत्रं गोळा करायला निघतात. आठवड्याभराचं समाजसेवा शिबिर, पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप, कुठल्याशा ऑलिंपियाडचा सहभागाचा दाखला. हे वाचणारे लोक वर्षाला शेकडो असे अर्ज वाचतात. पैसे देऊन मिळवलेली गोष्ट त्यांना ओळखता येते. एकच गोष्ट चार वर्षं मनापासून केलेली असेल तर ती जास्त बोलते. उपक्रमांच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदारी' आणि 'नोकरी' असे प्रकार चक्क दिलेले आहेत, हे आपल्या मुलांना सांगितलं तर ती चकित होतात. माझी एक विद्यार्थिनी रोज पहाटे वडिलांबरोबर मार्केट यार्डात जाऊन गाळ्याची पट्टी लिहायची. तिला ते अर्जात लिहायची लाज वाटत होती. मी तिला ते पहिल्या जागी लिहायला लावलं.

निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. त्यात मोठे शब्द नकोत, जगाला वाचवण्याच्या गोष्टी नकोत. मुलाचा विचार कसा चालतो हे दिसावं, इतकंच. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे लोक आपल्या शहरांतही आहेत. १७ वर्षांच्या मुलाच्या तोंडी ४५ वर्षांच्या माणसाची भाषा आली की ती दिसते. शिवाय अर्जातला खोटेपणा प्रवेशानंतर उघडकीला आला तरी प्रवेश रद्द होऊ शकतो.

आता शिफारसपत्रं. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिल्यांदा एका मुलासाठी पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मी आपल्या दाखल्यांच्या भाषेत लिहिलं. हुशार, मेहनती, नम्र, वर्तणूक चांगली. एका परिच्छेदात आटोपलं. तो मुलगा प्रत्यक्षात असा होता की लोलकाच्या प्रयोगात येणारा फरक पुस्तकातल्या उत्तराशी जुळवून टाकायला त्याने नकार दिला, तीन दिवस प्रयोगशाळेत थांबला आणि दोरा ताणला जातो हे शोधून काढलं. यातलं एक अक्षरही मी लिहिलं नव्हतं. मला तेव्हा माहीत नव्हतं की ते पत्र वाचणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं: वर्गात घडलेला एक प्रसंग, जो गुणपत्रिकेत दिसत नाही. त्याला कुठून नकार आला याच्याशी माझ्या पत्राचा संबंध होता की नव्हता, हे कधीच कळणार नाही. पण ती सल राहिली आहे, आणि तेव्हापासून मी वर्गात वही ठेवते. कोणी काय विचारलं, कोण कुठे अडून बसलं, तारीख घालून.

जे मुलाच्या हातात नसतं

हा भाग पालकांना आवडत नाही, पण तो सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

'संपूर्ण माणूस बघतो' हे ऐकायला छान वाटतं. या पद्धतीचा जन्म मात्र छान कारणाने झालेला नाही. १९२० च्या सुमारास हार्वर्डमध्ये परीक्षेच्या जोरावर येणाऱ्या ज्यू मुलांचं प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेलं. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांना ते खुपलं. त्यांनी १९२२ मध्ये उघड मर्यादा घालायचा विचार मांडला, तो टिकला नाही. मग १९२६ मध्ये विद्यापीठाने 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्वाला वजन देणारी पद्धत आणली, अर्जासोबत फोटो मागायला सुरुवात केली, आणि ज्यू मुलांचं प्रमाण खाली आलं. सॅट पहिल्यांदा झाली तेही हेच वर्ष. एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला माणसाची पारख, या दोन पद्धतींची ओढाताण शंभर वर्षं चालू आहे.

आजची ओढाताण वेगळी आहे. माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांशी संबंधित मुलं, विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची मुलं आणि संघासाठी निवडलेले खेळाडू, असे चार गट मिळून हार्वर्डच्या अर्जदारांत सुमारे ५ टक्के होते. प्रवेश मिळालेल्यांत त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये अशा बारा विद्यापीठांचा अभ्यास मांडला. सारख्याच सॅट गुणांच्या मुलांत, सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं तिथे पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक निघाली. कारणं तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि महागड्या खाजगी शाळांतल्या मुलांना अभ्यासेतर बाबींत मिळणारे चढे अंक. मोठ्या सरकारी विद्यापीठांत हा कल दिसला नाही. मला स्वतःला माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत अन्यायाची वाटते. एमआयटी ती देत नाही, जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्टने ती बंद केली, आणि त्यांचा दर्जा कुठे घसरलेला नाही.

वंशाचा मुद्दा न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत फार बोलला जातो. आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाचे अंक कमी दिले जातात, हा त्या खटल्यातला एक मुख्य आरोप होता. खालच्या न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचं मानलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच बेकायदा ठरवली. मुलाने निबंधात आपल्या अनुभवाबद्दल लिहिलं तर ते वाचायला मात्र मनाई नाही.

भारतातून अर्ज करणाऱ्यांच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट पैशाची आहे, आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. नामवंत खाजगी विद्यापीठात राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात जातो. अमेरिकी सरकारची विद्यार्थी-मदत परदेशी मुलांना मिळत नाही, जी मिळेल ती विद्यापीठाच्या स्वतःच्या तिजोरीतून. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याला मदत लागणार आहे का हे बघत नाहीत. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलसह बाकीची बहुतेक बघतात. म्हणजे सारख्याच ताकदीचे दोन अर्ज असतील आणि एकाच्या घरी पूर्ण फी भरायची ऐपत असेल, तर मदत मागणाऱ्याचं पारडं हलकं होऊ शकतं. हे गुपित नाही, विद्यापीठं स्वतःच लिहितात. मदत हवी आहे हे लपवून अर्ज करा असा सल्ला देणारे एजंट मी पाहिले आहेत. तो ऐकू नका: अनेक ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर परदेशी विद्यार्थ्याला ती नंतर मागताच येत नाही. त्याचबरोबर 'अर्ली डिसिजन'ला हात घालताना विचार करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुदत असलेला हा अर्ज बांधील असतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. दुसरीकडे किती मदत मिळाली असती याची तुलना करायची संधी जाते.

आणि अमेरिका म्हणजे ही वीस-पंचवीस नावं नव्हेत. तिथली बहुतेक विद्यापीठं निम्म्याहून जास्त अर्जदारांना प्रवेश देतात. टेक्सासमध्ये तर १९९७ पासून कायद्याने यादीच आहे. राज्यातल्या शाळेत वरच्या क्रमांकात असाल तर सरकारी विद्यापीठात आपोआप जागा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात २०२६ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून ही मर्यादा वरच्या ५ टक्क्यांवर आणली आहे.

मग एखादं विद्यापीठ नेमकं काय बघतं हे कसं कळणार? त्यासाठी कन्सल्टंटला लाखभर रुपये द्यायची गरज नाही. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा दस्तऐवज आपल्या संकेतस्थळावर टाकतात. त्यात सी ७ या कलमात एक तक्ता असतो. विषयांची काठिण्यपातळी, मार्क, वर्गातला क्रमांक, परीक्षा, निबंध, पत्रं, मुलाखत, माजी विद्यार्थ्याशी नातं, समाजसेवा, नोकरीचा अनुभव, अशा प्रत्येक बाबीपुढे 'अतिशय महत्त्वाचं', 'महत्त्वाचं', 'विचारात घेतो' किंवा 'विचारात घेत नाही' यांपैकी एका रकान्यात खूण केलेली असते. एमआयटीचा तक्ता आणि कॉर्नेलचा तक्ता शेजारी ठेवून बघा, अर्धा तास पुरतो. मग त्याच दस्तऐवजात एच ६ वर या. परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठ मदत देतं का, किती जणांना दिली आणि सरासरी किती डॉलर, ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी आधी हा आकडा काढायला सांगते. बऱ्याचदा वीस नावांची यादी त्या एका ओळीने आठ नावांवर येते.

कॉमन ॲप दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतो. शिक्षकांना पत्रासाठी विचारायचं असेल तर त्याआधी, जूनमध्ये कॉलेज सुरू होतं तेव्हाच विचारावं. डिसेंबरात घाईने लिहिलेल्या पत्रात प्रसंग आठवत नाहीत.